तो मुद्दाम हरला का?

रविवारी सकाळी साडेसहाला मी स्वतःहून उठलो, असं वर्षातून फार वेळा होत नाही. (रिलीज असेल तर उठवला जातो, ते वेगळं.) १४ डिसेंबर २०२५ ला मात्र गजर वाजायच्या आधीच उठून बसलो होतो. ताई आणि भाचा आदल्या रात्रीच मुक्कामाला आले होते. भाचा वय वर्षे नऊ, अंगात सीनाचा टी-शर्ट, मनगटांवर सीनाचे पट्टे. अमेरिकेत तेव्हा १३ तारखेची, शनिवारची रात्र चालू होती आणि वॉशिंग्टनच्या कॅपिटल वन अरीनामध्ये जॉन सीना आयुष्यातला शेवटचा सामना खेळणार होता.

निकाल तुम्हाला माहीत असेलच. गुंथरनं स्लीपर होल्ड लावला. सीना धडपडला, सुटला, पुन्हा अडकला, पुन्हा सुटला. आणि शेवटी एकदा अडकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर बारीकसं हसू आलं आणि त्यानं टॅप केलं. म्हणजे हात आपटून ‘सोड बाबा, हरलो’ अशी कबुली. वीस वर्षांहून जास्त काळ ज्यानं टॅप केलं नव्हतं, ज्याच्या टी-शर्टावर ‘नेव्हर गिव्ह अप’ लिहिलेलं असतं, तो माणूस!

भाचा हमसून हमसून रडला. ताईनं माझ्याकडे असं काही बघितलं की जणू गुंथरला मीच पाठवला होता. मग जरा वेळानं नाक पुसत त्यानं विचारलं, “मामा, तो मुद्दाम हरला का?”

मी म्हटलं, आधी पोहे खाऊ, मग सांगतो. खरं म्हणजे मला वेळ हवा होता.

आमच्या लहानपणी प्रश्न वेगळा असायचा. ‘ते खरं असतं का?’ टेन स्पोर्ट्सवर मारामारी चालू असायची, बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचे, “सगळं लुटुपुटूचं आहे रे, त्यापेक्षा गणितं सोडव.” आणि आम्ही जिवाच्या आकांतानं सिद्ध करायचो की नाही, खरंच लागतं! पुरावा काय, तर ट्रम्प कार्ड्स. उंची, वजन, छाती, बायसेप्स सगळं छापलेलं. छापलेलं खोटं कसं असेल? :)

आता अर्थातच सगळ्यांना सगळं माहीत आहे. कोण जिंकणार हे आधी ठरतं, गोष्ट लिहिणारी माणसं पगारावर असतात, रिंगमध्ये दोघं एकमेकांच्या कानात पुढची चाल सांगतात. शरीर मात्र खरं असतं. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये सीनाच्या छातीचा स्नायू फाटला तो खराच फाटला होता. २००८ मध्ये मानेची शस्त्रक्रिया झाली तीही खरी. २०१५ मध्ये सेथ रॉलिन्सचा गुडघा लागून नाक मोडलं, तेव्हा ते वाकडं नाक घेऊन त्यानं सामना पूर्ण केला. नाटकातला राजा पडद्यामागे जाऊन चहा पितो, इथला राजा पडद्यामागे जाऊन टाके घालून घेतो.

तर मुद्दा असा, की निकाल ठरलेलाच असतो म्हटल्यावर ‘मुद्दाम हरला का’ याचं उत्तर सरळ ‘हो’ असं आहे. पण भाच्याला ते विचारायचं नव्हतं. त्याला विचारायचं होतं, की जिंकता येत असताना माणूस हरायला तयार का होतो?

हा प्रश्न फक्त नऊ वर्षांच्या मुलालाच पडला असं नाही. त्या रात्री अरीनामध्ये बसलेल्या हजारो थोराड लोकांनाही पडला होता. निकालानंतर ट्रिपल एच बाहेर आला तेव्हा लोकांनी त्याची यथेच्छ हुर्यो उडवली, कारण गोष्ट कशी संपवायची हे ठरवणाऱ्या खात्याचा तो प्रमुख. पुढचे कित्येक दिवस माझ्या फोनवर मित्रांचे हेच चालू होतं. ‘तेवीस वर्षं खपला, शेवटी एवढंच?’ ‘निदान टॅप तरी करायला लावायचा नव्हता राव.’ ‘अपमान आहे हा.’

मला नाही तसं वाटत. मला वाटतं सीनानं हरायलाच हवं होतं. आणि टॅप करूनच हरायला हवं होतं.

या धंद्याची एक जुनी रीत आहे. जाणाऱ्यानं पाठीवर पडून जायचं. म्हणजे जाताजाता मागे राहणाऱ्या कुणाला तरी आपल्यावर विजय देऊन जायचं. गंमत बघा, त्यांच्या बोलीत हरण्याला ‘जॉब करणं’ म्हणतात. नेहमी हरतो तो ‘जॉबर’. (आयटीवाल्यांनो, हसू नका. आपण सगळे जॉबरच आहोत.) आणि समोरच्याला मोठं करण्यासाठी हरणं म्हणजे त्याला ‘ओव्हर’ करणं. या खेळात जिंकणं हे चलनासारखं आहे. नोटा छापता येत नाहीत, फक्त एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातात. सीनासारख्या माणसाच्या खिशात वीस वर्षांत एवढं जमलेलं असतं की तो एका रात्रीत कुणालाही श्रीमंत करू शकतो. आणि ते न देता गेला तर? ते त्याच्याबरोबर घरी जातं. कुणाच्याच उपयोगाचं नाही.

हे देणं न दिल्यानं काय होतं, ते बघायचं असेल तर २०१० चं समरस्लॅम आठवा. त्या वर्षी जूनमध्ये नेक्सस नावाची नव्या पोरांची टोळी आली होती. एका सोमवारी रॉमध्ये घुसली आणि सीनासकट रिंगचा चुराडा करून गेली. काय हवा झाली होती त्यांची! आमच्या ऑफिसात कँटीनमध्ये तोच विषय. १५ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये सात विरुद्ध सात असा सामना ठरला. शेवटी एका बाजूला सीना एकटा, दुसऱ्या बाजूला वेड बॅरेट आणि जस्टिन गेब्रियल. पोरांनी सीनाला रिंगबाहेर उघड्या काँक्रीटवर डोक्यावर आपटला. संपलं, असं वाटलं. आणि थोड्याच वेळात साहेब उठले, दोघांनाही बाद केलं आणि हात वर!

त्या सामन्यात सीनाच्याच बाजूनं खेळलेल्या एज आणि ख्रिस जेरिको यांनी पुढे सांगितलं की हा शेवट चुकीचा आहे असं त्यांचं मत होतं. पुढे सीनानंही चूक मान्य केली. पण व्हायचं ते झालं. नेक्सस नंतरही काही महिने होती, पण ती भीती गेली ती गेलीच. जी टोळी एका जखमी माणसाला आवरू शकत नाही, तिला कोण घाबरणार?

हे एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. २०१४ च्या रेसलमेनियात ब्रे वायट, २०१५ च्या रेसलमेनियात रुसेव्ह. दोघांचीही वर्षभर मेहनतीनं उभी केलेली इमारत, आणि दोन्ही वेळा सीनाच जिंकला. आम्ही पंचविशीतली पोरं तेव्हा सीनाला शिव्या घालायचो त्या यासाठी. तो वाईट होता म्हणून नव्हे. तो संपतच नव्हता म्हणून.

अर्थात दुसरी बाजूही आहे आणि ती न सांगणं अन्याय होईल. २०१३ च्या समरस्लॅममध्ये कोपर सुजलेलं असताना तो डॅनियल ब्रायनकडून स्वच्छ हरला. ढवळाढवळ नाही, सबबी नाहीत. हरून शस्त्रक्रियेला गेला. ब्रायनची पुढची सगळी घोडदौड त्या एका रात्रीवर उभी आहे. २०१५ च्या मे महिन्यात केव्हिन ओवेन्स मुख्य मंचावरचा पहिलाच सामना खेळत होता, समोर सीना, आणि ओवेन्स जिंकला. २०१६ मध्ये एजे स्टाइल्स, २०१७ मध्ये रोमन रेन्स. म्हणजे हा माणूस देणारच नाही असं नव्हतं. कधी द्यायचं आणि कधी नाही, हे कळायला वेळ लागला, इतकंच.

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. ती नाही दिली तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

मीही एकदा नेक्सस केलेलं आहे.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री दोनला प्रॉडक्शन बसलं. बिलांच्या आकड्यांत घोळ, क्लायंट कॉलवर, मॅनेजर कॉलवर, सगळ्यांचे आवाज चढलेले. आमच्या टीममधली एक मुलगी, नोकरीला लागून दीडच वर्ष झालेलं, अकरा वाजल्यापासून लॉग उपसत होती. तिनं शंभर शक्यता बाद करत करत घोळ एका फाईलपर्यंत आणला होता. अजून अर्धा तास दिला असता तर ती ओळही तिनंच शोधली असती. मला ती ओळ माहीत होती. माहीत असणारच, ते मॉड्यूल मीच लिहिलेलं, २०११ मध्ये. मी म्हटलं, “जरा स्क्रीन शेअर माझ्याकडे दे.” दहा मिनिटांत फिक्स. टाळ्या. सकाळी सगळ्यांना मेल, त्यात माझं नाव ठळक अक्षरांत. तिचं नाव ‘टीमचेही आभार’ यात.

दोन महिन्यांनी तिनं दुसऱ्या प्रोजेक्टवर बदली मागून घेतली. भांडण नाही, तक्रार नाही. जाताना मला केक सुद्धा दिला. मला तेव्हा खरंच कळलं नाही की का गेली. मी तर वाचवलं होतं ना सगळ्यांना?

आता तुम्ही म्हणाल, रात्री दोनला क्लायंट बोंबलत असताना कसलं ओव्हर करणं घेऊन बसलास. बरोबर आहे. प्रॉडक्शन काही लुटुपुटूचं नसतं. पण खरं सांगतो, त्या रात्री मी कीबोर्ड घेतला तो क्लायंटसाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त घेतला. मी तिला फोनवर एक वाक्य सांगू शकलो असतो, ‘तारखेचं रूपांतर बघ’. दहाऐवजी पंधरा मिनिटं लागली असती. मेलमध्ये तिचं नाव आलं असतं. सीनाला २०१० मध्ये एज आणि जेरिको सांगत होते. मला सांगायला कुणी नव्हतं असंही नाही. मी विचारलंच नाही.

असो. परत वॉशिंग्टनला जाऊ.

माझं म्हणणं असं नाही की हरणं म्हणजे आपोआप थोर गोष्ट. कुणाकडून हरतो याला महत्त्व आहे. त्याच २०२५ मधली उदाहरणं घ्या. एप्रिलमध्ये लास व्हेगासला सीनानं कोडी रोड्सला हरवून सतरावं जागतिक विजेतेपद घेतलं आणि रिक फ्लेअरचा सोळाचा आकडा मागे टाकला. त्याआधी मार्चमध्ये टोरांटोत तो खलनायक झाला होता, ज्या रॉकच्या सांगण्यावरून झाला तो रॉक नंतर गोष्टीतून गायबच झाला. (असला अर्धवट सोडलेला कोड मी रिव्ह्यूमध्ये पास केला नसता.) पण ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत कोडीनं ते विजेतेपद परत जिंकलं आणि सीनानं त्याला मनापासून मान दिला. ही हार कामाची. मग सप्टेंबरमध्ये इंडियानापोलिसला ब्रॉक लेस्नरनं त्याला एकतर्फी तुडवला. ही हार फुकट गेलेली. लेस्नर सीनाच्याच वयाचा, त्याला आणखी मोठं करून कुणाचं काय भलं झालं? नोव्हेंबरमध्ये बॉस्टनला, म्हणजे जवळपास घरच्याच मैदानात, सीनानं डॉमिनिक मिस्टेरियोकडून इंटरकॉन्टिनेंटल विजेतेपद घेतलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी सॅन डिएगोत त्यालाच परत केलं. पोरगा लबाडी करून जिंकला, पण लबाडी हाच त्याचा धंदा आहे. ही हार पुन्हा कामाची.

मग गुंथर? इथे टीकाकारांचं थोडं मी मान्य करतो. गुंथर काही नवखा नाही. ६६६ दिवस त्यानं इंटरकॉन्टिनेंटल विजेतेपद सांभाळलं होतं, जागतिक विजेता झाला होता, जुलैमध्ये अटलांटात गोल्डबर्गलाही निरोप देऊन झाला होता. चाळिशीला टेकलेला माणूस. त्याच्या जागी पंचविशीतला कुणी असता तर मला जास्त आवडलं असतं. पण त्याच कार्यक्रमाची बाकीची यादी बघा. ओबा फेमी विरुद्ध कोडी रोड्स. सोल रुका विरुद्ध बेली. जेव्हॉन एव्हन्स आणि लिऑन स्लेटर ही पोरं विरुद्ध एजे स्टाइल्स आणि ड्रॅगन ली. सीनाच्या निरोपाला जग बघत असणार, तर त्या गर्दीसमोर नव्या पोरांना उभं करा, असा त्यामागचा विचार. मला विचाराल तर ही त्या रात्रीची सगळ्यात मोठी भेट होती आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं.

कुणी स्टिंगचं उदाहरण देईल. मार्च २०२४ मध्ये ग्रीन्सबरोत चौसष्टाव्या वर्षी तो जिंकून निवृत्त झाला आणि सगळे आनंदानं रडले. मीही रडलो, खोटं कशाला बोलू. पण स्टिंग जोडीचा सामना खेळला होता. शेजारी डार्बी ॲलिन होता, त्याच्याहून तीसेक वर्षांनी लहान, आणि तीन वर्षं त्यानं डार्बीला बोटाला धरून चालवलं होतं. त्याचं देणं आधीच देऊन झालं होतं. सीनाच्या खात्यावर २०१० बाकी होतं.

आणि ते टॅप करणं. लोकांना सगळ्यात जास्त तेच लागलं. पण विचार करा, पाठ टेकवून तीन मोजले असते तर काय झालं असतं? गुंथरनं हरवलं असतं. टॅप करणं ही एकच हार अशी आहे की ती समोरचा देऊ शकत नाही, आपली आपणच घ्यावी लागते. तेवीस वर्षं पोरांना ‘हार मानू नका’ सांगणाऱ्या माणसानं शेवटी दाखवलं की थांबायचं कधी हेही स्वतः ठरवायचं असतं. आणि ठरवताना तो हसला. नंतर पट्टे आणि बूट रिंगमध्ये काढून ठेवले आणि मोजे घालून चालत निघून गेला. यात मला तरी कुठे अपमान दिसला नाही.

जानेवारीत आमच्याकडे त्या बिलांच्या मॉड्यूलचा हँडओव्हर ठरला. दोन वर्षं मी तो ‘या क्वार्टरनंतर’ म्हणून ढकलत होतो. कागदपत्रं लिहायला बसलो तेव्हा कळलं की अर्ध्या गोष्टी फक्त माझ्या डोक्यात आहेत, आणि त्या तिथे असाव्यात हे मला मनातून आवडत होतं. आता लिहून झाल्या. पुढच्या वेळी रात्री दोनला फोन दुसऱ्याच कुणाला जाईल. मी झोपलेला असेन. म्हणजे झोप लागली तर. :)

राहिला भाचा. पोह्यांनंतर मी त्याला सांगितलं, “हो रे, मुद्दाम हरला. दुसऱ्यांना मोठं करायला.”

त्यानं बराच विचार केला. मग म्हणाला, “पण गुंथर तर मोठाच आहे.”

आता काय बोलणार! ताई हसायला लागली. मी दुसरी प्लेट पोहे घेतले.